पेडलवरची जागा

गाडीच्या ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक खाली चाकापाशी बसतो, दुसरा ड्रायव्हरच्या सीटवर. खालचा म्हणतो, दाबून धर. वरचा ब्रेकचं पेडल दाबतो, पाय तसाच ठेवतो आणि सांगतो, धरलं. मग खालचा चाकाजवळचा एक बारीक स्क्रू सैल करतो. त्यातून तेल येतं, तेलाबरोबर हवेचे बुडबुडे येतात आणि पेडल पायाखाली खाली खाली जातं. स्क्रू पुन्हा आवळला जाईपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नसतो. उचलला की बाहेर गेलेली हवा परत आत. काम एवढंच. पण दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नाहीत, नुसता आवाज ऐकू येतो, म्हणून भरवसा लागतो. आमच्या घरात खालचे म्हणजे बाबा आणि वरची म्हणजे मी. माझे पाय पेडलपर्यंत पुरायला लागले तेव्हापासून.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे वागले ते कुणाला पोरकट वाटेल. वाटू दे.

बाबा रेल्वेत होते. नागपूरकडून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच होऊन गेले. बुढापाऱ्यात, तलावाच्या मागच्या गल्लीत आमचं घर. गल्ली इतकी चिंचोळी की गाडी भिंतीला चिकटवून लावली तरी स्कूटरवाले पुटपुटत जातात. त्या जुन्या पांढऱ्या गाडीला बाबांनी आजवर मेकॅनिकचा हात लागू दिलेला नाही. "रेल्वेचे डबे सांभाळले आपन, हे तं खेळनं हाय," असं ते म्हणतात आणि रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की पाना घेऊन गल्लीत बसतात.

त्यांची एक पद्धत आहे. कामाला बसताना चपला काढून समोर ठेवायच्या. डाव्या चाकाचं सामान डाव्या चपलेवर, उजव्याचं उजव्या चपलेवर. खूण नाही, खडूची रेघ नाही. आता डावं-उजवं कुणाचं धरायचं? तर सीटवर बसलेल्या माणसाचं, म्हणजे माझं. ते खालून ओरडायचे, "पोट्टी, तुया डावा हात कोन्ता?" मी समोरच्या काचेतून दिसेल असा डावा हात वर करायची. हात दिसला की कामाला सुरुवात. आई दारातून बघायची आणि म्हणायची, यांना पोरगी नको, सिग्नल पाहिजे होता. मला त्या बोलण्याचा फार अभिमान वाटायचा.

लग्नानंतर मी तेलीबांध्याला फ्लॅटमध्ये राहायला गेले. लांब नाही, एकाच गावात, पण ऑफिस नव्या रायपूरला आणि घर आणि मुलीची शाळा, असं करत रविवार निसटत गेले. आई गेली. माझ्या मोठ्या भावानं लग्न केलं ते शेजारच्या दुर्ग शहरातल्या मुलीशी, स्वतः ठरवून. वहिनीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं आणि रंगात आली की छत्तीसगढीत. आधी तिनं स्वयंपाकघर घेतलं. मला बरंच वाटलं. मग बाबांच्या गोळ्या, मग बाबांचा चहा, मग संध्याकाळी तलावाकाठची त्यांची चक्कर. थोडं थोडं खुपत गेलं, पण मी स्वतःला समजावलं, बरं आहे बाई, कुणीतरी बघतंय.

मग एके दिवशी भावानं घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. गल्लीतली गाडी, चाकापाशी बसलेले बाबा आणि त्यांचा आवाज, "दाबून धर!" आणि सीटवरून वहिनीचा आवाज, "हव बाबूजी, धरे हंव!"

तो व्हिडिओ मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पाहिला. डबा उघडून ठेवलेला आणि मी तोच तोच व्हिडिओ पुन्हा लावतेय. धरे हंव म्हणे. तिथं धरलं असं म्हणतात! शिवाय तिनं बाबांचा जुना खाकी शर्ट घातला होता, कपडे खराब होऊ नयेत म्हणून. तो शर्टही मीच घालायची. भाजीची चव गेली. मत्सर वाटला, दुसरा शब्द शोधत बसत नाही. माझ्या नवऱ्याशी ती हसून बोलली असती तर मला काही वाटलं नसतं. पण ती सीट माझी होती.

मी ग्रुपवर अंगठा टाकला. माणसं खोटं किती सहज बोलतात.

नंतर कळलं ते असं. बाबांनी पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर काढले होते. कॅलिपर म्हणजे ब्रेक लावल्यावर चाकाची तबकडी चिमटीत धरणारा लोखंडी भाग. त्यांत नवी रबरं घातली, घासूनपुसून काळा रंग दिला, वाळवले आणि परत बसवले. नळी सुटली होती, म्हणजे आत हवा जाणारच, ती काढायला वहिनीला सीटवर बसवलं. सगळं यथासांग. आणि दुसऱ्या दिवशी भाऊ गाडी घेऊन निघाला तर पेडल मऊ. पाय ठेवला की लोण्यात गेल्यासारखा खाली. दोनतीनदा भराभर दाबलं की वर येई, जरा थांबलं की पुन्हा मऊ. माझ्याच घराजवळच्या चौकात त्यानं हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी थांबवली आणि तिथूनच मला फोन केला. घाबरला होता, म्हणून चिडला होता.

"बाबांना सांग तू. ये उनके बस का नहीं रहा अब. रविवारपर्यंत ब्रेक नीट झाला नाही तर मी सरळ कबाडीला देऊन टाकतो गाडी."

अशा वेळी चांगल्या मुलीच्या मनात बाबांची काळजी यायला हवी. माझ्या मनात पहिल्यांदा आलं, हिचा पाय सुटला! वेळेआधी पाय उचलला आणि हवा आत घेतली. मला इतकं बरं वाटलं की मी लिफ्ट सोडून जिन्यानं वर गेले.

दोन दिवसांनी बाबांना फोन लावला. जयभीम झाल्यावर इकडचंतिकडचं न बोलता विचारलं, "बाबा, पेडलवर कोन होतं?"

"तुयी वहिनी."

"मंग तिचा पाय सुटला असन."

"ते बी तेच म्हनते," बाबा म्हणाले. "म्हनते, मेराच पैर ढीला पड गया होगा. पुन्हा पुन्हा केलं आम्ही. नाई जमून राहिलं. तू येतं का रविवारी?"

काय सांगू, त्या प्रश्नानं माझी काय अवस्था झाली. तू येतं का. मी मुलीचा क्लास, नवऱ्याचं काम, सगळं बाजूला सारलं.

रविवारी गेले तर वहिनी दारातच. अंगात तो खाकी शर्ट. "आइए दीदी, मैं तो कब से बोल रही थी बाबूजी को, दीदी को बुला लो." आणि ओढणीच्या टोकानं ती माझ्यासाठी सीट पुसायला लागली. मला ते आणखीच झोंबलं. यजमानीण पाहुणीला पाट पुसून देते, तसं. ती ठेंगणी आहे, सीट पुढे सरकवून ठेवलेली. मी बसले आणि जरुरीपेक्षा जास्त जोरात ती मागे ढकलली.

ती शहाण्यासारखी बॉनेटपाशी गेली, ब्रेक ऑइलचा डबा घेऊन. तेल कमी झालं की वरून घालत राहायचं असतं, नाहीतर रिकाम्या टाकीतून हवा ओढली जाते. बाबा मागच्या चाकापाशी बसले. आधी लांबचं चाक, मग जवळचं, अशी रीत.

"दाबून धर!"

"धरलं!"

मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. गल्लीत ऐकू जावं असं. माझा पाय मेला तरी हलला नसता. एक चाक झालं, दुसरं झालं, पुढची झाली. स्क्रूला लावलेली पारदर्शक नळी बाबांनी बाटलीत सोडली होती, त्यात एक बुडबुडा नाही. स्वच्छ तेल. बाबा म्हणाले, "पाह्य आता." मी पाय उचलला, पुन्हा ठेवला.

मऊ.

तसाच, लोण्यासारखा. मी परत दाबून पाहिलं, जणू पेडल लाजून कडक होईल. वहिनीनं बॉनेटच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मी विजय शोधत होते. तो नव्हता, म्हणून आणखी राग आला.

बाबांनी सगळी चाकं हातानं चाचपली. कुठं तेल गळत नव्हतं. मग म्हणाले, "नुसतं दाबून ठेव, सोडू नको. हळूहळू खाली गेलं तं मास्टर सिलिंडर बाद." मी दाबून ठेवलं. पेडल जिथं थांबलं तिथंच राहिलं, तसूभर हललं नाही. म्हणजे पेडलमागचा तेल ढकलणारा तो पंप ठीक होता. "हवाच हाय," बाबा म्हणाले. "पन हवा हाय तं निघून काहून नाई राहिली?"

भाऊ चहाचा कप घेऊन दारात आला, आमच्याकडे बघून काही न बोलता आत गेला. त्याचं न बोलणं बाबांना लागलं. ते चाकाला पाठ टेकवून बसले, गुडघे चोळत. चष्मा तेलकट होतो म्हणून कामाच्या वेळी ते काढून खिशात ठेवतात आणि सगळं बोटांनी करतात. तशी बोटं पसरून ते आपल्याच हातांकडे बघत होते. मला माहीत होतं ते काय विचार करत असतील. गाडी गेली तर त्यांच्याकडे रविवार उरणार नव्हता. आणि माझी सीटही.

तेव्हा वहिनी म्हणाली, "दीदी, आप एक बार नीचे देख लो ना. बाबूजी को थोड़ा सुस्ताने दो. पेडल मैं दबा देती हूँ."

बघा! मी मनात म्हटलं. संधी मिळाली की बसलीच ही. पण बाबांसमोर काय बोलणार? पदर खोचला, आणि तणतणत गाडीच्या पुढं आले. ती सीटवर चढली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा चाकाच्या बाजूला बसत होते. वरून मी कधी ते स्क्रू पाहिलेच नव्हते.

"कुठं असतो तो, बाबा?"

"मांगून खालच्या अंगाले हात घाल. लागते हाताले."

मी वाकले, मान तिरकी केली. कॅलिपरच्या अगदी बुडाशी, रस्त्याकडे तोंड करून तो स्क्रू बसला होता. वरून वहिनी, "धरे हंव दीदी!" मी काही न करता तशीच बघत राहिले.

मी लहान असताना बाबांनी मला हवा कशी काढतात ते औषधाच्या बाटलीवर दाखवलं होतं. अर्धी पाण्यानं भरलेली बाटली. उभी धर, आडवी धर, उलटी कर, हवा दरवेळी वर. "हवा कदी खाली नाई जात पोट्टी. तिले काढाची तं भोक वरून पायजे." आणि इथं भोक तळाला! आम्ही खालून तेल काढत होतो आणि हवा आरामात वरच्या कोपऱ्यात बसून होती. कुणाचाही पाय असता, वर्षभर दाबत बसलो असतो, तरी ती निघाली नसती.

मी उठून दुसऱ्या बाजूला गेले. तिकडेही स्क्रू खाली.

आता हे बाबांना सांगायचं होतं. सुनेचा पाय सुटला हे सांगणं सोपं. तुमचं चुकलं, हे बाबांना सांगायला मला नको होतं. पण ब्रेक आहे तो, गप्प कशी बसणार? मी शेजारी बसून हळूच म्हटलं, "बाबा, हा स्क्रू वर असाले पायजे ना?"

बाबांनी खिशातून चष्मा काढला. सदऱ्याला पुसला. वाकून इकडचं पाहिलं, उठून भिंतीला घासत तिकडचं पाहिलं. परत येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना.

"डावा उजवीकडे गेला," ते म्हणाले. "आन उजवा डावीकडे." मग समोरच्या चपलांकडे बघत राहिले. "खोलताना मी गाडीच्या तोंडासमोर बसलो होतो. माया डावा हात तोच डावा धरला, आन बसवताना सवयीनं सीटवाल्याचा. सीटवर कोनी नोतं ना हात दाखवाले."

सीटवर कोणी नव्हतं. हे वाक्य मी आत कुठंतरी घट्ट धरून ठेवलं. मी नव्हते, म्हणून चुकलं. बाबा खचून बसले होते आणि मी सुखावले होते. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

"पन पकडलं कोनं?" बाबा एकदम म्हणाले आणि माझ्या डोक्यावर तेलकट हात ठेवला. "माया पोट्टीनं! अरे, आन रे तो पाना." त्यांच्या अंगात जीव आला. भावाला हाक मारून त्यांनी बाहेर बोलावलं, माझा पराक्रम सांगितला. पोरीनं पकडलं म्हटल्यावर बापाची चूकसुद्धा घरातली गोष्ट झाली, हसायची. सीटकडे बघून म्हणाले, "तुया पाय बरोबर होता व बेटा." वहिनी हसली. "मुझे तो लगा मेरा ही था, बाबूजी."

आता कॅलिपर काढून इकडचे तिकडे करायचे. त्यासाठी तेलाच्या नळ्या पुन्हा सोडायच्या. आणि नळी बसवताना तिच्या दोन्ही अंगांना तांब्याचे वायसर लागतात, मऊ तांब्याच्या चकत्या. एकदा आवळल्या की चेपतात. त्याच पुन्हा घातल्या तर तेल गळतं. बाबा याबाबतीत कडक आहेत, जुने वायसर पाहिले की फेकून देतात. आणि रविवार. स्पेअर पार्टची सगळी दुकानं बंद. भावानं कपाळाला हात लावला.

"हैं ना," वहिनी म्हणाली.

आत गेली आणि कागदाची पुडी घेऊन आली. कोरे, चकचकीत वायसर. दोन्ही चाकांना पुरतील इतकेच.

"कदी आनले?" बाबा खूश.

"ऐसे ही बाबूजी. कल बाज़ार गई थी तो."

बाबा कामाला लागले. मी नळी धरून बसले, ते बोल्ट आवळत होते. दुसऱ्या चाकाचा शेवटचा वायसर पुडीतून काढून त्यांच्या हातावर ठेवला तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाय सुटून हवा गेली असती तर वायसर कशाला? नळी सोडावी लागणार हे ज्याला माहीत आहे तोच वायसर आणील.

हात धुवायच्या निमित्तानं मी नळापाशी गेले. वहिनी साबण द्यायला आली.

"वहिनी, तुला ठाऊक होतं."

तिनं आधी मागे वळून बाबांकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "दीदी, गाड़ी लौटी उसी दिन नीचे झाँका था, पेंच उल्टा दिख गया. पर बहू के मुँह से ये बात अच्छी नहीं लगती. मैं बोलती तो बाबूजी फिर पाना नहीं उठाते. आपकी बात अलग है."

म्हणजे ती सगळा आठवडा, माझा पाय, माझा पाय, म्हणत बसली होती. नवऱ्याचं ऐकून घेतलं, माझं फोनवरचं बोलणंही तिच्या कानावर गेलंच असणार. बाबांना माझ्याकडून कळावं म्हणून तिनं मला बोलावलं, मला खाली बसवलं, माझी मान त्या स्क्रूपाशी नेऊन ठेवली. मी जिंकले ते तिनं वाढून दिलेलं होतं. व्हिडिओ पाहून मी जळले होते ते काहीच नाही. या क्षणी मी खरी जळले. सीटवर कुणीही बसू शकतं. पण बाबांना असं सांभाळायला मला कधी सुचलं नव्हतं. मी तर तिला पकडायला आले होते.

"कोन बसते?" बाबांनी हाक दिली. "चला, हवा काढू."

आम्ही दोघी गाडीपाशी आलो. दार उघडं होतं. वहिनीनं खाली वाकून दांडी ओढली आणि तिच्या मापाला पुढं घेतलेली सीट माझ्या मापाला मागे सरकवली. मग तेलाचा डबा उचलून बॉनेटपाशी जाऊन उभी राहिली.

म्हणायला हवं होतं, वहिनी, तू बस. शब्द तोंडात होते. मी सीटवर बसले.

"पोट्टी, तुया डावा हात कोन्ता?" बाबा ओरडले, गंमत म्हणून. मी काचेतून दिसेल असा डावा हात वर केला. भाऊसुद्धा हसला.

"दाबून धर!"

"धरलं!"

"आली! हवा आली!" बाटलीत बुडबुड्यांचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. पुन्हा दाबलं, पुन्हा आली, मग कमी कमी होत गेली. पेडल प्रत्येक वेळी पायाखाली जरा जास्त उंच थांबायला लागलं. शेवटी असं कडक झालं की पूर्ण जोर लावला तरी जागचं हलेना. बाबांनी स्क्रू आवळला, गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि बोटं पुसत म्हणाले, "झालं. उतर आता."

मी पाय उचलला नाही.

"बाबा, अजून एकदा करू," मी म्हटलं. "मले वाटते थोडीशी राहिली."

काही राहिलं नव्हतं. माझ्या पायाला कळत होतं आणि बॉनेटच्या फटीतून माझ्याकडे बघणाऱ्या वहिनीलाही कळत होतं. बाबा पुन्हा खाली बसले. वहिनीनं टाकीचं झाकण काढलं आणि वरून तेल घातलं.